उलाँग एकतर कडू होतो नाहीतर पाणचट, मग चव घ्यायची कशी?

डिचोलीच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. मुलाने तैवानहून येताना अलीशान उलाँगचं, म्हणजे तिथल्या अलीशान डोंगरातल्या चहाचं, पाकीट आणलं, त्यांनी पहिल्यांदा नेहमीच्या चहासारखा टोपात उकळला तर कडूजहर झाला, दुसऱ्यांदा मोठ्या मगभर पाण्यात चिमूटभर टाकला तर नुसतं गरम पाणी, आणि पाकिटावर मात्र ऑर्किड, लोणी, पीच असलं काय काय लिहिलंय, त्यातलं एकही लागलं नाही. तर आपली जीभच बाद आहे का, की हे सगळं पैसेवाल्यांचं नाटक आहे, आणि पुढे काय विकत घ्यावं, त्याला ती चिनी भांडी लागतात का.

ताई, जीभ ठणठणीत आहे. नाटक थोडंफार आहे, त्यावर पुढे येतोच. मी बरीच वर्षं कुन्नूरला लिलावाच्या ब्रोकरकडे चहा चाखायचं काम केलंय, आता म्हापशाला असतो आणि लोकांना सुट्या पानांचा चहा कसा प्यायचा ते दाखवतो, आणि खरं सांगतो, पहिल्यांदा येणाऱ्या दहातल्या नऊ जणांचं हेच रडगाणं असतं, कारण आपला सगळ्यांचा हात सीटीसीवर बसलेला आहे.

आपण घरी जी चहा पावडर वापरतो ती सीटीसी. 1930 च्या सुमाराला आसामात हे मशीन आलं, पान चिरडायचं, फाडायचं, गोळी वळायची. पानातली जवळपास प्रत्येक पेशी फुटलेली, त्यामुळे पाण्यात पडली की दोन मिनिटांत सगळं बाहेर, रंग, कडूपणा, तुरटपणा, कडक. आणि हा चहा दुधासाठीच बनवलेला आहे, दुधातलं केसिन त्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतं म्हणून तो गोड लागतो. गाड्यावरच्या भाजी-पावाबरोबर तोच हवा, तिथे उलाँग नेऊन काय करणार.

उलाँगचं उलटं. अख्खं पान, कधी देठासकट, वळून वळून त्याची घट्ट गोळी केलेली. ती हळूहळू उलगडते, म्हणून त्याला पान जास्त, पाणी कमी, वेळ थोडा आणि पुन्हा पुन्हा पाणी ओतायचं, असं गणित आहे. तुम्ही उकळलात तेव्हा पाच-सहा वेळांत यायचं ते सगळं एकदम बाहेर काढलंत आणि वर दूधही नाही, मग कडू होणारच. आणि मगभर पाण्यात चिमूटभर म्हणजे एखादा ग्रॅम, त्यात काय लागणार.

आता उलाँग म्हणजे नेमकं काय ते थोडं सांगतो, कारण हे कळलं की चव शोधणं निम्मं सोपं होतं. झाड तेच, कॅमेलिया सायनेन्सिस. ग्रीन टी, उलाँग, काळा चहा हे वेगळ्या झाडाचे नाहीत, तोडल्यावर पानाचं काय केलं त्याचा फरक. ग्रीनला लगेच उष्णता देऊन पानातलं एन्झाइम मारतात, काळ्याला पूर्ण ऑक्सिडेशन होऊ देतात, म्हणजे हवेने पान तांबूस-काळं पडू देतात. उलाँगमध्ये पान आधी उन्हात सुकवतात, मग सुपासारख्या बांबूच्या मोठ्या ट्रेमध्ये घोळतात, कडा घासतात, ठेवून देतात, परत घोळतात, हे रात्र रात्र चालतं. घासलेल्या कडा तांबूस होतात, मधलं पान हिरवं राहतं, आणि बनवणारा नाकाने ठरवतो की आता पुरे, मग गरम कढईत किंवा फिरत्या ड्रममध्ये घालून ते थांबवतो. कुठे थांबवलं यावर सगळं अवलंबून, काही उलाँग दहा-पंधरा टक्क्यांवर थांबतात आणि ग्रीन टीच्या जवळ जातात, काही सत्तर-ऐंशीपर्यंत जातात आणि काळ्या चहाच्या शेजारी बसतात. त्यानंतर भाजणं वेगळं. काही चहा अजिबात भाजत नाहीत, काही कोळशावर तासन् तास.

म्हणजे कुठलाही उलाँग समोर आला की दोन प्रश्न विचारायचे, ऑक्सिडेशन किती आणि भाजलाय किती. तुमचा अलीशान बहुतेक कमी-कमी गटातला, म्हणजे फुलं, ओला हिरवा वास आणि एक लोण्यासारखा मऊपणा. त्याच तैवानचा डोंगडिंग जुन्या पद्धतीचा असेल तर मध्यम ऑक्सिडेशन आणि चांगला भाजलेला. तैवानचाच ओरिएंटल ब्यूटी भाजत नाहीत पण ऑक्सिडेशन खूप. चीनच्या फूजियन प्रांतातल्या वुयी डोंगरातले रॉक टी, दा होंग पाव, रोउ ग्वे, श्वे श्येन, हे ऑक्सिडेशनही बरंच आणि भाजणंही बरंच. त्याच फूजियनमधल्या आन्शीचा तिएग्वानयिन दोन्ही प्रकारांत मिळतो, हिरवा आणि भाजलेला, आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही असं वाटावं इतके वेगळे, त्यामुळे नुसतं तिएग्वानयिन आवडतो की नाही असं विचारण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट आपल्या लोकांना खटकते. दोन पानं आणि एक कळी हे आपण शाळेपासून ऐकलेलं, त्यामुळे उलाँगचं भिजलेलं पान बघून लोक म्हणतात की अहो ही तर जून पानं, देठसुद्धा ठेवलेत, फसवलं. फसवलेलं नाही. बहुतेक उलाँगला मुद्दाम थोडं मोठं झालेलं पान लागतं, कोवळी कळी घोळण्यात चिरडून जाते. अपवाद ओरिएंटल ब्यूटी, त्यात पांढरट कळ्या असतात आणि असायलाच हव्यात.

आता करायचं कसं. भांडं शंभर-सव्वाशे मिलीचं काहीही चालेल, चिनीमातीचा छोटा कप आणि त्यावर बशी झाकण म्हणून, झालं. गायवान म्हणजे तरी काय, झाकणाचा कपच की. बिनहँडलचा असतो आणि पहिल्या दिवशी बोटं भाजतात. मातीची महागडी टीपॉट घेऊ नका, निदान आत्ता नको, ती वास धरते. पैसे खर्च करायचेच तर सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा घ्या, 0.1 ग्रॅम दाखवणारा. गोळीवाला उलाँग आणि लांब पिळलेला उलाँग यांचा चमचाभर घेतलात तर वजनात दुपटीचा फरक पडू शकतो, चमच्यावर विश्वास ठेवून कधीच जमत नाही.

शंभर मिलीला पाच ग्रॅम. पाणी खळखळून उकळलेलं. होय, पूर्ण उकळतं. इंटरनेटवर सगळीकडे ऐंशी अंश ऐंशी अंश चाललेलं असतं, ते जपानी ग्रीन टीसाठी ठीक आहे, घट्ट गोळी ऐंशीला उघडतच नाही आणि मग तुम्हाला वाटतं चहा पाणचट आहे. फार हिरवा आणि नाजूक निघाला तर उकळल्यावर एखादं-दीड मिनिट थांबा. आपण समुद्रसपाटीला आहोत, पाणी बरोबर शंभरावर उकळतं, तैवानच्या लीशानसारख्या दोन हजार मीटरच्या डोंगरात ते त्र्याण्णवच्या आसपासच उकळतं, म्हणजे बागेतल्या माणसापेक्षा आपल्याकडे पाणी जास्त गरम असतं, बारीक हिशोब करायचाच तर तेवढा करा.

आधी कप गरम पाण्याने तापवून ते पाणी फेकायचं. गरम कपात कोरडं पान टाकायचं, झाकण ठेवायचं, दोनदा हलवायचं आणि झाकण किंचित उघडून वास घ्यायचा. हे चुकवू नका, सगळ्यात मोठा वास बरेचदा इथेच येतो. मग पाणी ओतून पाच सेकंदांत फेकून द्या, याने गोळी सैल होते. (याने कॅफीन निघून जातं असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या, पाच सेकंदांत काही जात नाही.) मग पहिलं खरं पाणी चाळीस-पंचेचाळीस सेकंद, दुसरं तीस, तिसरं चाळीस, पुढे वाढवत जायचं, चांगला चहा सहा-सात पाण्यांना पुरतो. लांब पिळलेली पानं असतील, वुयीची किंवा चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या दान त्सोंग उलाँगची, तर सुरुवात दहा-पंधरा सेकंदांनी, ती लगेच सोडतात. आणि प्रत्येक वेळी शेवटच्या थेंबापर्यंत गाळून काढायचं, पानात पाणी उरलं की पुढचा कप कडू. कडू झालाच तर वेळ कमी करा, पान कमी करू नका. पानं कमी केली की कडूपणाबरोबर अंगही, म्हणजे दाटपणाही, जातं.

धंद्याने चहा चाखणारे लोक असं करत नाहीत हेही सांगतो. त्यांची पद्धत 1980 च्या आयएसओ 3103 या आंतरराष्ट्रीय मानकात लिहून ठेवलीय, शंभर मिलीला दोन ग्रॅम, उकळतं पाणी, सहा मिनिटं. तैवानच्या स्पर्धांत तीन ग्रॅमला दीडशे मिली, सहा मिनिटं, म्हणजे प्रमाण तेच. ती परीक्षा आहे. इतक्या वेळात चहाचा प्रत्येक दोष वर येतो, जळका वास, शिळेपणा, अर्धवट सुकवल्याचा गवताळ कडूपणा. नवीन दुकानातून सँपल आणलं तर एकदा असं करून बघायचं, सहा मिनिटांनंतरही जो पिण्यालायक राहतो तो चहा नक्की चांगला. रोज मात्र असं पिऊ नका, मजा नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, ऑर्किड आणि पीच.

लोक काय करतात, पाकिटावरचं वाचतात, घोट घेतात आणि डोक्यात ऑर्किड शोधायला लागतात. सापडत नाही, मग दुसरा घोट, परत शोध, तोवर चहा गार. यात तोंडात प्रत्यक्ष काय चाललंय तिकडे लक्षच जात नाही. मी उलटं करायला सांगतो. पहिले काही दिवस वासांची नावं घ्यायचीच नाहीत, पाकीट उलटं ठेवायचं. आधी तोंड बघायचं.

म्हणजे असं. चहा जरा निवू द्या, ओठाला सुखद लागेल इतका, कढत चहात जीभ फक्त भाजते. मग फुर्र करून ओढा, आवाज झाला पाहिजे, सासूबाई समोर असल्या तरी. हवेबरोबर ओढलं की चहाचे तुषार होतात आणि वास मागून नाकात चढतो. आता घोट तोंडात फिरवा आणि विचारा, हे पाणी आहे की पाण्यापेक्षा जाड आहे, पेजेवरच्या निवळीसारखं काही अंग आहे का. मग तुरटपणा. तुरट आणि कडू यात लोक फार गल्लत करतात. कडू जिभेला कळतं, कारल्यासारखं. तुरट ही चवीपेक्षा कातडीला होणारी जाणीव, लाळेतली प्रथिनं चहातल्या पॉलिफेनॉलना चिकटतात आणि तोंड कोरडं, आवळल्यासारखं होतं. काजूचं बोंडू चावल्यावर घसा धरतो ना, ते तुरट. थोडं तुरट असणं हा दोष नाही, त्याने चहा जिवंत वाटतो, कुन्नूरला आम्ही त्याला ब्रिस्क म्हणायचो. प्रश्न एवढाच की तो सुटतो का. चांगल्या चहाचा तुरटपणा थोड्याच वेळात सुटतो आणि तोंडाला पाणी सुटतं, वाईट चहाचा हिरड्यांवर बसून राहतो.

गिळल्यावर तोंड बंद ठेवून नाकाने श्वास सोडा. इथेच तो वास येतो ज्याला आपण चव म्हणतो. पटत नसेल तर नाक चिमटीत धरून घोट घ्या, गिळा, मग नाक सोडा. नाक बंद असताना फक्त कडू-गोड-तुरट एवढंच कळतं, सोडलं की फुलं एकदम आत येतात. ज्यांना वाटतं आपल्याला काही लागत नाही त्यांना मी हे पहिलं करायला लावतो, आणि चेहरे बघण्यासारखे होतात.

मग थांबायचं, पुढचा घोट लगेच घ्यायचा नाही. मिनिटभर. आवळा खाऊन वर पाणी प्यायलं की ते गोड लागतं, तसं काहीसं घशातून परत येतं, पहिल्या पाण्यात नाही आलं तर दुसऱ्या-तिसऱ्यात. चिनी लोक याला ह्वे गान म्हणतात आणि चहाची किंमत ठरवताना वासापेक्षा याला जास्त मान देतात, मलाही ते पटतं, वास बाहेरून लावता येतो, हे लावता येत नाही. शेवटी रिकामा कप हुंगा. कप निवत जातो तसा तळाशी मध किंवा साखर करपल्यासारखा गोड वास राहतो. तैवानमध्ये यासाठी उंच नळीसारखा वेगळा कपच करतात.

हे सगळं चार-पाच दिवस करून झालं की मग नावं. आणि नावं आपली घ्या ना. पाकिटावरचं ऑर्किड म्हणजे चीनमधलं छोटं सुगंधी सिंबिडियम, ते लिहिणाऱ्याच्या अंगणात असेल, आपल्या दारातल्या ऑर्किडला बहुतेक वासच नसतो, मग तुम्हाला ते कुठून आठवणार. तुम्ही जाई हुंगलीय, उन्हाळ्यातले सुरंगीचे वळेसर हुंगलेत, ओवळं म्हणजे बकुळ सुकल्यावर कशी होते माहितीय, पातोळ्या उकडताना हळदीच्या पानाची वाफ येते ती ओळखता. हिरव्या तिएग्वानयिनमध्ये मला संध्याकाळची जाई येते, आणि यात काही कविता नाही, लिनालूल, इंडोल ही द्रव्यं जाईतही असतात आणि उलाँगमध्येही तयार होतात. डोंगडिंगमध्ये भाजलेला काजू. ‘मी-लान-श्यांग’ नावाच्या दान त्सोंगमध्ये मध आणि लिची सरळ सरळ. भाजलेल्या वुयीत माडाचा काळा गूळ आणि पाठीमागे भिजलेल्या चिऱ्यासारखं काहीतरी खनिजी. तुम्हाला वेगळं आलं तर तुमचं बरोबर, वहीत लिहून ठेवा, फक्त तोच चहा पुढच्या आठवड्यात प्यायलात की परत तेच येतं का एवढं बघा. परत आलं तर ते चहात आहे. नाही आलं तर ते त्या दिवशीच्या मूडमध्ये होतं.

पण एक चहा एकटा पिऊन कोणी फार शिकत नाही. दोन लागतात, शेजारी शेजारी, एकाच मापाने, एकाच वेळी. एकट्या अलीशानला तुम्ही छान म्हणाल नाहीतर ठीक म्हणाल, शेजारी डोंगडिंग ठेवलात की पाच मिनिटांत भाजलेला आणि न भाजलेला म्हणजे काय ते कायमचं कळतं. पुढची जोडी ओरिएंटल ब्यूटी आणि दार्जिलिंगचा सेकंड फ्लश, म्हणजे वर्षातल्या दुसऱ्या तोडणीचा चहा. ही माझी सगळ्यात आवडती जोडी कारण दोन्हींमागे एकच भानगड आहे, तुडतुडा. हिरवा इवलासा किडा पानातला रस शोषतो, झाड स्वतःला वाचवायला काही सुगंधी द्रव्यं बनवतं, आणि त्यातून तो मधासारखा, पिकल्या द्राक्षासारखा वास येतो. दार्जिलिंगवाले त्याला मस्कटेल म्हणतात, तो मे-जूनच्या तोडणीत येतो, तैवानमध्ये शिन्चू आणि म्याओली भागात उन्हाळी तोडणीत. किडा हवा म्हणजे कीटकनाशक मारता येत नाही, पान लहान आणि कमी, म्हणून महाग. नवशिक्याला सहज ओळखता येणारा चहा म्हणाल तर ओरिएंटल ब्यूटीच, कडू होता होत नाही.

आता नाटकाबद्दल. मिल्क उलाँग. यात खरी वस्तू आहे, जिन श्वान नावाची जात, तैवानच्या संशोधन केंद्राने 1981 मध्ये बारा नंबर म्हणून बाहेर काढलेली, तिला नैसर्गिकच मंद दुधाळ वास आणि मऊपणा असतो. मंद. पण बाजारात जे मिल्क उलाँग पाकीट उघडताच खोलीभर बटरस्कॉच होतं त्याला एसेन्स लावलेला आहे. ओळखायचं सोपं, पहिल्या दोन पाण्यांत वास धो धो आणि तिसऱ्यानंतर चहा पोकळ. आवडत असेल तर खुशाल प्या, किंमत मात्र एसेन्सची द्या. तसंच दा होंग पाव, मूळ झाडांचा म्हणून कोणी विकत असेल तर उठून चालायला लागा, कड्यावरची ती झाडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि त्यांची पानं आता खुडतच नाहीत. आणि शंभर ग्रॅमला दोनशे रुपये लावून अलीशान देणाऱ्याकडे अलीशान नाही. तो व्हिएतनामचा किंवा उत्तर थायलंडचा असेल, तिकडे तैवानच्याच जाती लावलेल्या आहेत, आणि थायलंडच्या माए सालोंगचा बारा नंबर खरंतर चांगला असतो, फक्त त्याच नावाने विकावा.

तब्येतीचं विचारू नका. वजन उतरवायला उलाँग घेणारे येतात, मी त्यांना चालायला जा म्हणतो. कॅफीन मात्र असतंच, उलाँगमध्ये कमी असतं हे खरं नाही, रिकाम्या पोटी आणि रात्री आठनंतर सहा पाणी पिऊन मग झोप नाही म्हणू नका.

पाण्याबद्दल दोन शब्द, कारण इथे आपण नशीबवान आहोत. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुतेक मऊ असतं, क्षार कमी. देशावरच्या बोअरच्या जड पाण्यात चहावर जो तवंग येतो आणि वास दबतो तो त्रास इथे फारसा नाही. किनाऱ्याजवळच्या मचूळ विहिरी सोडून. नळाच्या पाण्याला पावसात कधी क्लोरिनचा वास येतो, तेव्हा रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून मग उकळा. आरओचं पाणी अगदीच रिकामं केलेलं असेल तर चहा चपटा लागतो, विहिरीचं किंवा साध्या फिल्टरचं घेऊन बघा, फरक कळेल.

आणि जेवणानंतर लगेच चाखायला बसू नका. बांगड्याच्या हुमणात तिरफळं असली की जीभ बधिर होते, तासभर तरी तुरट-गोड काही धड कळत नाही. सकाळी, दात घासून बराच वेळ झाल्यावर, अंगाला अत्तर नाही, स्वयंपाकघरात फोडणी नाही, अशी वेळ धरा. कापूर-अगरबत्ती तर नकोच.

गोव्यात चहा बिघडतो तो पिण्यात नाही, ठेवण्यात. नीट सुकवलेल्या चहात ओलावा तीन ते पाच टक्के असतो, सातच्या वर गेला की तो भराभर शिळा होतो, आणि जूनपासून आपल्या हवेत तो नुसता उघडा ठेवला तरी वर जातो. शिवाय चहा वास ओढतो, जाईचा चहा याच गुणावर बनवतात, ताजी फुलं पानांत मिसळून. म्हणजे ज्या कपाटात सुके बांगडे, सोलं आणि मसाल्याचे डबे आहेत तिथे उलाँग ठेवलात तर पुढच्या महिन्यात सुक्या बांगड्याचा उलाँग. पावसाळ्यात पंचवीस-पन्नास ग्रॅमच घ्या. तैवानचे चहा लहान व्हॅक्यूम पाकिटांत येतात, एक संपल्याशिवाय दुसरं फोडू नका. उघडलेलं पाकीट घट्ट पिळून, क्लिप लावून, वास नसलेल्या पत्र्याच्या डब्यात. हिरवे उलाँग न उघडता फ्रिजमध्ये ठेवले तर टिकतात, पण बाहेर काढल्यावर पाकीट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत फोडायचं नाही, काही तास जाऊ द्या, नाहीतर आतल्या गार पानावर दव धरतं आणि सगळं वाया. भाजलेले जास्त सोशिक. ते थोडे मऊ पडले असले तर जाड कोरड्या तव्यावर अगदी मंद आचेवर, हाताला सोसेल इतक्या गरमीत हलवत राहा, आधी शिळा वास निघतो, मग गोडसर वास येतो, तिथे बंद. तवा भाकरीचा नको, तेलकट तर मुळीच नको. हिरव्याला हे करू नका.

मे महिन्यात गरम प्यावंसं वाटत नाही तेव्हा अर्धा लिटर गार पाण्यात सहा ग्रॅम टाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. गार पाण्यात कडू-तुरट द्रव्यं आणि कॅफीन कमी उतरतं, फुलं आणि गोडवा राहतो, आणि घरातल्या ज्यांना हा चहाच मान्य नाही तेही ग्लासभर पितात.

विकत काय घ्यावं. आत्ता घरात असलेला अलीशान संपवा आधी, वरच्या मापाने, आणि रोज एकदाच, घाई नको. मग एक भाजलेला डोंगडिंग पन्नास ग्रॅम. त्यानंतर आपल्याकडचे. दार्जिलिंग, नीलगिरी इथल्या काही बागा उलाँग करतात, तैवानसारखे नसतात, लांब सैल पान, वासात काळ्या चहाकडे झुकलेले, पण खर्च कमी आणि ताजे मिळतात. त्यांना चाळीस सेकंद देऊ नका, वीसपासून सुरू करा. नीलगिरीत डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तोडलेला फ्रॉस्ट टी मिळाला तर तो काळा चहा असूनही घ्या, फुलांचा वास काय असतो ते त्यात कमी पैशात कळतं. दुकानदाराला तोडणीचा महिना आणि वर्ष विचारायचं, हिरवा उलाँग असेल तर हे विचारल्याशिवाय घ्यायचाच नाही. सांगता आलं नाही त्याला तर दहा ग्रॅमचं सँपल मागा, तेही नाही म्हणाला तर दुसरं दुकान. सँपल घरी आणून सहा मिनिटांची परीक्षा घ्या, आणि भिजलेली पानं बशीत पसरून बघा. गोळी उलगडून अख्खं पान निघालं, मधे हिरवट आणि कडेला तांबूस झाक असली तर घोळण्याचं काम नीट झालंय. फार हिरव्या अलीशानमध्ये ही झाक पुसट असते, तिथे शोधत बसू नका. पण पानांचे तुकडे आणि चुराच निघाला तर भाव कितीही कमी असला तरी परत करा.